खंडेनवमीचं अपग्रेड

भवानी पेठेत बसलिंगप्पांच्या सुनेला कंप्यूटरमधलं काय कळतं, हा प्रश्न आजवर एकदाच कुणीतरी विचारला. विचारणारा दुरुस्तीवाला होता. त्यानं मशीनचा डबा उघडला, आत फुंकर मारली आणि "वहिनी, हे आता भंगारात घाला" असा सल्ला दिला. सिद्धेश्वरीनं त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि त्याच्यासमोर त्याच भंगारात लिनक्स ही फुकटातली सिस्टीम टाकायला घेतली. दुसरा चहा होईस्तोवर मशीन पळायला लागलं होतं. तेव्हापासून तो गल्लीत दिसला की लांबूनच नमस्कार करून जातो.

बाई अशी. हाताला यश आहे आणि ते तिला ठाऊक आहे. कुणी म्हणेल गर्व, तर म्हणो बापडे. येत असताना येत नाही म्हणून सांगायचं, ही कुठली रीत?

घर त्यांचं पेठेतल्या पुष्कळ घरांसारखं, खाली माग आणि वर माणसं. खाली खडाक-खडाक चालू असलं की वरच्या फळीवरची वाटीसुद्धा त्याच तालात हलते, आणि माग थांबले की घरातल्यांना आपल्याला ऐकू कमी येतंय की काय असं वाटतं. वरच्या खोलीत खिडकीशी सिद्धेश्वरीचं टेबल. तिथं बसून ती टॉवेलांची, चादरींची डिझाइनं काढते. कुठला धागा कधी वर उचलायचा आणि कधी खाली ठेवायचा, ते एकेक चौकट भरत ठरवायचं आणि पेन ड्राइव्हमध्ये घालायचं. मग नवरा सोमशेखर तो पेन ड्राइव्ह खाली नेऊन मागाच्या पेटीला लावतो आणि माग ते चित्र विणतो. पूर्वी हे काम तिचे सासरे बसलिंगप्पा करायचे. घरात त्यांना सगळे अप्पा म्हणतात. त्यांच्या काळी कागदावर चौकटी आखून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना हातानं भोकं पाडावी लागत. अर्ध्या पेठेच्या चादरी अप्पांच्या बोटांतून गेल्या. आता सत्तरी ओलांडली, नजर मंदावली, कानही जड झाले, पण जीभ होती तशीच आहे.

इतकी वर्षं सिद्धेश्वरीनं काढलं ते सगळं व्यापाऱ्यांच्या मनासारखं. व्यापारी येतो, दुसऱ्या कुणाची चादर पसरतो आणि म्हणतो, "अस्संच पाहिजे, पण जरा वेगळं." मग ह्याचा मोर, त्याची किनार, तिसऱ्याचं कमळ. पोटापाण्याला बरं होतं. पण यंदा तिनं कुणी न सांगता एक चादर काढली. दोन्ही कडांकडून उठलेली जोंधळ्याची ताटं, मध्यावर येऊन वाकलेली कणसं आणि त्या कणसांवर दाणे टिपणाऱ्या चिमण्या. सोमशेखरला लई आवडली. व्यापाऱ्यांनी नाकं मुरडली. "वहिनी, कणीस कोण पांघरणार?" अप्पांनी कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि खाली ठेवला. चार-सहा दिवसांनी जेवता जेवता म्हणाले,

"कोपऱ्यातल्या मागाला नवी पेटी बसवलीया न्हवं? दसऱ्याच्या मुहूर्ताला त्याच्यावर चढीव तुझं कनीस. मुहूर्ताला चढलं तर चढलं. न्हायतर टॉवेल लावायचे."

ह्या बोलण्याचं वजन कळायला घरची रीत माहीत पाहिजे. दसऱ्याच्या सकाळी मागावर जे चढतं, ते संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरेपर्यंत उतरवायचं नाही. अप्पांच्या वडिलांपासून हे चालत आलेलं. मुहूर्त साधला तर सगळा हंगाम तो माग सिद्धेश्वरीचा. चुकला तर तिथं टॉवेल, आणि कणसाला पुन्हा विचारतो कोण? आयुष्यभर दुसऱ्यांचे मोर काढत बसायचं.

अडचण एकच होती. नवी पेटी जुन्या प्रोग्रामची फाइल घेत नव्हती. तिला डिझाइनच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती हवी, आणि ती चालायला मशीनवर लिनक्सही नवी हवी. तसं मशीन बरेच दिवस पडद्यावर आठवण करून देत होतं, की बाई, जुन्या आवृत्तीची देखभाल आता बंद होतेय, नवीवर या. सिद्धेश्वरी "थांब रे बाबा" म्हणून ती सूचना मिटवायची. दिवाळीच्या मालाची घाई, रोज नवं डिझाइन द्यावं लागत होतं. अशात मशीन अडवून कसं ठेवणार? मोकळा दिवस मिळाला तो थेट दसऱ्याच्या आधीचा, खंडेनवमीचा.

आता खंडेनवमीला हत्यारांची विश्रांती. आदल्या संध्याकाळी माग थांबतात, त्यांच्यातली रुई झाडतात, तेल घालतात. नवमीला विभूती, बेल, फुलं वाहून पूजा होते, आणि मग दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत कुठल्याच हत्याराला हात लावायचा नाही. अप्पांच्या घरी त्या दिवशी कात्रीसुद्धा चालत नाही. भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवायची.

सिद्धेश्वरीनं आपल्या सोयीचा अर्थ लावला. अपग्रेड काय मी करत नाही, मशीन आपलं आपण करतं. मी एकदा सांगून पुरणाच्या होळग्या लाटायला जाणार, म्हणजे माझी विश्रांती झालीच की. माणसाचं मन म्हणजे पक्का वकील, पाहिजे ती बाजू मांडून देतं. पण हा वकील अप्पांपुढं उभा करायची काही तिची छाती झाली नाही. तिनं त्यांना सांगितलंच नाही. सकाळी अप्पा खाली मागांच्या पूजेला गेले तशी तिनं सगळ्या कामाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली, कारण ह्या बाबतीत ती देवावरसुद्धा भरवसा ठेवत नाही. मग अपग्रेड सुरू केलं. सगळं उतरवून झालं, जुनं काढून नवं बसवायचं काम चालू झालं, पडद्यावर ओळी भराभरा पळायला लागल्या. त्या बघून तिनं सरळ पडदाच बंद केला. अप्पा वर आले आणि पळत्या ओळी दिसल्या तर दहा प्रश्न. काळ्या पडद्याला कोण काय विचारतं? डब्यातला पंखा घरघरत होता, पण तेवढं अप्पांना ऐकू येत नाही.

ती मागच्या स्वयंपाकघरात पोळपाट घेऊन बसली. गल्लीतल्या मंडळाचा लाऊडस्पीकर सकाळपासून देवीची गाणी लावून बसला होता. सोमशेखर बाजारातून आणखी फुलं आणायला गेला होता. पुरण छान जमलं होतं, मन निवांत होतं. दुपारपर्यंत अपग्रेड, मग नवा प्रोग्राम, मग फाइल, असा बेत तिनं लाटता लाटता दोनदा घोकला.

हात धुऊन ती पुढच्या खोलीत आली आणि दारातच थबकली.

मशीनच्या डब्यावर विभूतीची तीन बोटं ओढलेली. वर बेलाचं पान. पडद्याला झेंडूची माळ. माऊसच्या पाठीवर कुंकू. समोर उदबत्ती लावून अप्पा हात जोडून उभे. आणि पंखा घरघरत नव्हता.

"अप्पा, वीज कुणी बंद केली?"

"मी की. वीज चालू ठिवून मशीनची पूजा करतेत व्हय? मेन वडला. तर त्ये खालचं डबडं कुंई कुंई कराय लागलं. त्याचं बी बटन दाबून गप केलं." अप्पा एकदम खुशीत होते. "दरसाल खालच्याच मागांची पूजा हुती. म्हटलं, ह्या वक्ताला तुझ्या मशीनला बी मान द्यावा. उद्या तुझं काम चढनार न्हवं?"

ते डबडं म्हणजे बॅटरी होती. वीज गेली तरी मशीन चालत राहावं म्हणून सिद्धेश्वरीनं मुद्दाम घेतलेली. वीज जाईल ह्याचा विचार तिनं केला होता. कुणी मायेनं येऊन बॅटरीचं बटण दाबील, ह्याचा केला नव्हता.

ती खुर्चीत बसली. ज्या हातांवर तिचा एवढा भरवसा, ते गार पडले होते. जुनं काढून नवं बसवत असताना मध्येच वीज तोडलेलं मशीन पुन्हा सरळ उठत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. दुरुस्त होईल, पण वेळ लागेल. शिवाय राहिलेलं अपग्रेड आहे, प्रोग्राम आहे, फाइल आहे.

"आता ह्याला सकाळी उत्तरपूजा झाल्यावर हात लावायचा बरं का," म्हणत अप्पा पूजेचं ताट घेऊन जिना उतरून गेले.

उत्तरपूजा झाली की लगेच मुहूर्त. त्या मधल्या वेळात दूध तापतं, मशीन दुरुस्त होत नाही.

खोलीत ती एकटी होती. मेन स्विच दाराशी, हात लांब केला की पुरेल एवढ्यावर. दार लोटून घेतलं तर संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता लागणार नव्हता. माळ परत होती तशी घालायची, विभूती परत ओढायची. ती उठली, स्विचवर बोट ठेवलं, आणि तिची तिलाच शरम वाटली. सकाळी चोरून लावलं म्हणून तर हा घोळ झाला. पडदा काळा कुणी केला? आपण. काळा पडदा बघून म्हाताऱ्यानं मशीन झोपलंय असं समजून कौतुकानं माळ घातली, तर त्यात त्याची काय चूक? तिनं बोट काढलं आणि पदर खोचून ती खाली गेली.

खाली सगळे माग गपगार. तेलाचा आणि कापराचा वास कोंदला होता. अप्पा बाकावर टेकले होते.

"अप्पा, मी सकाळी मशीनवर काम लावलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही वीज बंद केली तेव्हा ते चालू होतं."

अप्पांच्या कपाळावरची विभूती आठ्यांत गेली. "नवमीला मशीन लावलंस? मला न सांगता?"

"व्हय. सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हनालो असतो की."

"म्हणून नाही सांगितलं. आणि तुम्हाला दिसू नये म्हणून पडदा बंद केला. चुकलं माझं."

बाहेर लाऊडस्पीकरवरचं गाणं संपून दुसरं लागलं.

"मग आता काय झालंय त्याला?" शेवटी त्यांनी विचारलं.

कंप्यूटरच्या भाषेत सांगून उपयोग नव्हता. तिनं कोपऱ्यातल्या मागाकडे बोट केलं. "मागाचा जुना ताणा संपत आला की तुम्ही काय करता? जुन्याचा एकेक धागा नव्याच्या धाग्याला जोडत जाता. तसं चाललं होतं. जुनं कापून नव्याला जोडणं. अर्ध्यात तुम्ही दिवा घालवलात."

अप्पा ताठ बसले. "जोडनी कितपत झाली हुती?"

"अर्ध्याच्या पुढं गेली असेल."

"आनि जुना ताना?"

"कापलाय. मागं जाता येत नाही."

ह्यावर मात्र अप्पा उठून उभे राहिले. माणूस ज्या कामात म्हातारा होतो त्या कामातलं त्याला फार समजावून सांगावं लागत नाही.

"अर्ध्या जोडनीचा माग पूजत न्हाईत, शिद्दव्वा," ते म्हणाले. "धागे लोंबत ठिवून देवाला हात जोडायचे व्हय? माझ्या बापानं एकदा नवमीला दिवसभर बसून ताना जोडला आनि मग विभूती लावली. सगळं घर उपाशी बसलं हुतं." जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून त्यांनी मागं पाहिलं. "पन त्यानं चोरून न्हवतं केलं. सगळ्यास्नी सांगून केलं."

"व्हय, अप्पा," ती म्हणाली. ती त्यांच्या मागोमाग जिना चढली.

पूजेचं ताट परत वर आणून त्यांनी स्वतःच्या हातानं पडद्यावरची माळ उतरवली, बेलाचं पान उचलून ताटात ठेवलं, "शिवा, घाई माझी झाली," असं पुटपुटले आणि म्हणाले, "घाल वीज."

मशीन सुरू झालं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि तिथंच थांबली. चित्र नाही, काही नाही.

"मेलं?" अप्पांनी विचारलं.

"मेलं नाही. उठलंय, पण आपलं नाव विसरलंय."

आणि इथून पुढं सिद्धेश्वरी पुन्हा सिद्धेश्वरी झाली. हातांना ऊब आली. तिनं मशीन परत बंद करून दुरुस्तीच्या दारानं उघडलं, आणि अर्धवट बसलेल्या गोष्टी आधी नीट बसव, मग पुढचं बघू, असा हुकूम लिहिला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक ओळ आली, तिच्यामागं दुसरी, आणि ओळी पळायला लागल्या. एका जागी गाडं अडलं. तिनं अडलेली वस्तू पुन्हा उतरवून घेतली, तो गुंता सोडवला आणि पुन्हा हुकूम दिला. अप्पा शेजारी स्टुलावर बसून बघत होते. अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, पण काम पुढं सरकतंय की अडलंय हे त्यांना तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

मध्येच ओळी थांबल्या.

"आता काय म्हनतंय?"

"विचारतंय. पेन ड्राइव्हवर डिझाइन घालायची जी घडी मी माझ्या हातानं बसवली होती, ती ठेवायची का त्यांची नवी घ्यायची?"

"आपलं चांगलं चालत हुतं?"

"एकदम चांगलं."

"मग कशाला सोडायचं? नवं आलं म्हनून घरातलं टाकून द्यायचं व्हय?"

"मी पण तेच म्हणते," सिद्धेश्वरी म्हणाली आणि आपलंच ठेवलं. अप्पांनी मान डोलावली. कंप्यूटरच्या कारभारात त्यांचा सल्ला पहिल्यांदाच घेतला गेला होता.

सोमशेखर फुलं घेऊन आला. बापाला आणि बायकोला असं मशीनपुढं बसलेलं बघून तो दारातूनच माघारी फिरला आणि मुकाट्यानं पानं वाढायला लागला. शहाणा माणूस.

ऊन कलल्यावर वीरभद्रप्पा आले. पलीकडच्या गल्लीत त्यांचे माग. अप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त, आणि तेवढेच जुने वैरीही म्हणायला हरकत नाही. नवमीला माग असणाऱ्यांनी एकमेकांच्या घरी पूजा बघायला जायचं आणि प्रसाद घ्यायचा, अशी इथली पद्धत. फार वर्षांपूर्वी अप्पा असेच वीरभद्रप्पांकडे गेले असताना आत एक माग चालू होता, निकडीचा माल द्यायचा होता. अप्पांनी चार लोकांदेखत उंबऱ्यातूनच पाठ फिरवली होती, प्रसादाला हातही न लावता. ती गोष्ट पेठेत कुणी विसरलं नव्हतं, वीरभद्रप्पा तर नाहीच नाही.

ते जिना चढून वर आले. त्यांनी चालू पडदा पाहिला, पळत्या ओळी पाहिल्या, ताटात काढून ठेवलेली माळ पाहिली. त्यांचे डोळे चमकले.

"बसलिंगप्पा, नवमीला मशीन चालू?"

सिद्धेश्वरीनं घाईघाईनं तोंड उघडलं. "काका, हे काय मशीन नव्हे. टीव्हीसारखंच आहे, नुसता कंप्यूटर..."

"मशीन हाय," अप्पांनी तिला तोडलं. "खालच्या मागांवानीच आमच्या घरचा माग हाय ह्यो. जोडनी अर्ध्यात असताना मी वीज तोडली. पोरगी जोडतीया. चूक माझी हाय, तिची न्हाय."

खोटं बोलून वेळ मारून नेणं किती सोपं होतं, आणि तिनं ते तोंडात आणून दिलंही होतं. पण म्हाताऱ्यानं आपली उभ्या जन्माची ताठ मान त्या एका वाक्यात स्वतःहून खाली घातली, तीही नेमकी वीरभद्रप्पांपुढं.

"तुझ्या दारातनं मी प्रसाद न घेता गेलो हुतो," अप्पा पुढं म्हणाले. "तुला जायचं तर जा. मी काय म्हननार न्हाय."

असल्या दिवसाची वीरभद्रप्पांनी किती वर्षं वाट बघितली असेल. पण वाट बघणं वेगळं आणि समोर मान खाली घालून बसलेला दोस्त बघणं वेगळं.

"होळगी गरम हाय का?" त्यांनी विचारलं आणि मांडी घालून बसले.

होळगी खाताना त्यांनी तूप कमी आहे म्हणून दोनदा कुरकुर केली, तेवढं सोडलं तर काही बोलले नाहीत.

दिवेलागणीच्या आत अपग्रेड संपलं. मशीन बंद होऊन पुन्हा उठलं ते स्वच्छ, नव्या रंगाचा पडदा घेऊन. नवा प्रोग्राम बसला. सिद्धेश्वरीनं कणसाची फाइल उघडली आणि जोंधळा कडेपासून कडेपर्यंत उभा राहिला. दोघं म्हातारे पडद्याला नाक लावून बघायला लागले.

"कनीस?" वीरभद्रप्पा म्हणाले. "कनीस कोन पांघरनार?"

अप्पांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी एका दाण्यावर बोट टेकवलं. "हितं घोटाळा हाय. दाना उठून दिसावा म्हनून धागा लई लांब वर ठिवलास, खाली बांधलाच न्हाईस. नख अडकनार. पहिल्या धुन्यात बाईची बांगडी अडकंल आनि धागा सरळ निघून यील."

दुसरं कुणी असतं तर अप्पांनी चूक काढली म्हटल्यावर गप बसलं असतं.

"नाही अडकणार," सिद्धेश्वरी म्हणाली. "प्रत्येक दाण्याच्या पोटात एकदा खाली बांधलाय. वरून कळत नाही."

"मला दिसत न्हाय."

"पडद्यावर नाहीच दिसणार, अप्पा. उद्या हाताला कळेल."

"बघू," अप्पा म्हणाले. त्या 'बघू'त काही राग नव्हता, पण मान्यताही नव्हती.

तिनं फाइल पेन ड्राइव्हमध्ये घेतली आणि ह्या खेपेला स्वतः मशीन नीट बंद केलं. पंखा थांबेपर्यंत अप्पा वाट बघत उभे राहिले. मग त्यांनी विभूतीचं ताट उचललं आणि तिच्यापुढं धरलं. "आता तू लाव. ज्याचा माग त्यानं लावायची." तिनं डब्यावर तीन बोटं ओढली, माळ घातली, हात जोडले. मनात देवाला काय म्हणाली ते तिचं तिला ठाऊक.

दसऱ्याच्या सकाळी कारखान्यात सगळे जमले. वीरभद्रप्पासुद्धा आपला मुहूर्त लवकर उरकून आले होते. खरं म्हणजे कणीस चढतंय की पडतंय ते बघायलाच. उत्तरपूजा झाली. सोमशेखरनं कोपऱ्यातल्या मागाच्या पेटीला पेन ड्राइव्ह लावला. पेटीवरचा लाल दिवा थोडा वेळ लुकलुकला. मग दिवा हिरवा झाला, अप्पांनी नारळ फोडला आणि माग चालू झाला.

कापड हळूहळू पुढं यायला लागलं. आधी नुसती पट्टी, मग ताटांचे बुंधे, पानं, आणि बऱ्याच वेळानं पहिल्या कणसाचे दाणे.

"थांबवा," अप्पा म्हणाले.

सोमशेखर चमकला. मुहूर्ताचा माग कुणी थांबवतं का? पण अप्पांपुढं बोलायची सोय नव्हती. त्यानं माग थांबवला.

अप्पा वाकले. त्यांनी कणसाकडे पाहिलंसुद्धा नाही. अंगठ्याचं नख दाण्यांवरून ओढत नेलं. मग परत उलट्या दिशेनं. मग कापडाखाली हात घालून मागच्या अंगानंही ओढून पाहिलं. वीरभद्रप्पा मान लांब करून बघत होते. जमिनीवर फुटलेल्या नारळाचं पाणी पसरत चाललं होतं आणि ते पुसायचं कुणाला सुचलं नाही.

"न्हाय अडकत," अप्पा म्हणाले.

ते सरळ उभे राहिले आणि सुनेकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला असं बांधाय जमलं नसतं, शिद्दव्वा."

सिद्धेश्वरीनं मान हलवली.

"चालू कर," अप्पांनी सोमशेखरला सांगितलं. "गड्ड्यापातूर ह्या मागाला दुसरं काय लावायचं न्हाय."

माग पुन्हा खडखडायला लागला. सिद्धेश्वरी खांबाला टेकून रडली. मागांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही, आणि गेलं असतं तरी तिची काही हरकत नव्हती.